पातेल्याएवढा डाग

मंगळवार, १२ मार्च

ताई,

तुम्ही मला ओळखत नाही. ज्या घरात तुम्ही आधी राहत होतात, त्या घरात आता मी राहते. एवढं सांगितलं की मी कोण ते कळलंच असेल. पत्र फाडून टाकावंसं वाटलं तर फाडा, पण शेवटपर्यंत वाचून मग फाडा, पाया पडते.

पत्ता आईंनी दिला. आपल्या सासूबाईंनी. 'आपल्या' लिहिताना पेन अडखळलं, पण दुसरा शब्द सुचेना. त्यांना तुमचा पत्ता तोंडपाठ आहे. मी भांडी घासत होते, तेव्हा नळ मोठा सोडून त्यांनी तो माझ्या कानात सांगितला आणि म्हणाल्या, "ती आता फर्निचरच्या पॉलिशचंच काम करते. तिला विचार."

म्हणून विचारते. जेवणाच्या टेबलावर डाग पडलाय. टेबल तेच, तुम्हाला माहीत असलेलं. खाली काही न घालता गरम पातेलं ठेवलं गेलं, माझ्या हातून. उचललं तेव्हा काही दिसलं नाही. थोड्या वेळाने पाहते तर पातेल्याच्या बुडाएवढा पांढरा गोल, काचेवर धुकं धरावं तसा. हात फिरवला तर गुळगुळीत लागतो, नखाला काहीच अडकत नाही, पण दारात उभं राहिलं तरी दिसतो.

हे बाहेरगावी गेलेत. (तुम्ही त्यांना काय म्हणत होता कोण जाणे, मी 'हे' म्हणते.) पुरात एक गोदाम बुडालं, त्याचं नुकसान तपासायला विमा कंपनीने पाठवलंय. शनिवारी येणार म्हणालेत. त्याआधी डाग जायला हवा. मी फोनवरून कुणाला विचारलं असतं, पण आल्यावर हे फोन बघतात. पॉलिशवाल्याला घरी बोलवावं तर शेजारच्या काकू अगदी सहज म्हणतील, "परवा तुमच्याकडे मिस्त्री आला होता वाटतं?" त्यांच्या मनात काही नसतं हो, पण तेवढं पुरतं.

उत्तर घरी पाठवू नका. गल्लीच्या तोंडाशी एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत. त्यांचा भाऊ तुमच्या गावच्या बसवर कंडक्टर आहे. हे पत्र त्याच्या हाती देतेय, उत्तरही त्याच्याच हाती द्या.

अक्षराला हसू नका. उजव्या हाताला पट्टी आहे.


गुरुवार, १४ मार्च

ताई,

तुमचं पत्र काल मिळालं. शिवणाच्या बाईंनी ते एका फ्रॉकच्या घडीत घालून दिलं, आणि "बाही घट्ट होत असेल तर परत आण" असं दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. मी मान डोलावली. आमच्या घरात फ्रॉक घालणारं कुणी नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही म्हणून बरं.

मला वाटलं होतं तुम्ही दोन शब्द सुनवाल. तुम्ही पहिल्याच ओळीत लिहिलंत, "घाबरू नकोस. डाग पांढरा आहे म्हणजे ओल वरच्या पॉलिशमध्येच अडकलीय. काळा असता तर लाकडात उतरली असती." मी ती ओळ आईंना वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली.

तुम्ही लिहिलंत, टूथपेस्ट अजिबात लावू नकोस. ताई, तोवर लावून झाली होती. डाग होता तिथेच, उलट तेवढ्या जागेची चकाकी गेली आणि घरभर वास. आई म्हणाल्या, "काही नाही तर टेबलाचे दात तरी स्वच्छ झाले." आम्ही दोघी हसलो. मग दोघीही एकदम गप्प झालो. हे घरात नव्हते, तरीसुद्धा.

मग तुम्ही सांगितलंत तसं केलं. इस्त्रीतलं पाणी काढून टाकलं, अगदी मंद ठेवली, जुन्या सुती चादरीचा तुकडा दुहेरी करून डागावर पसरला. इस्त्री टेकवायची, फिरवत राहायची, उचलायची, फडकं सारून बघायचं. "एका जागी थांबलीस तर एका डागाचे दोन होतील," असं तुम्ही लिहिलंय, त्याने माझ्या तोंडचं पाणीच पळालं. उजवा हात नीट धरत नाही, म्हणून डाव्याने इस्त्री धरली आणि उजवा नुसता वर टेकवला. आई खिडकीत पहाऱ्याला.

"कोण आहे?" मी विचारलं.

"कुत्रं."

"कुणाचं?"

"आता त्याला नाव-गाव विचारून येऊ का? तू तुझी इस्त्री बघ."

पहिल्यांदा फडकं सारलं तर तसाच. नंतरही तसाच. आणि मग एकदा सारलं तर मधला भाग स्वच्छ! आरशावरची वाफ विरते ना, तसा मधून बाहेर विरत गेला. आईंनी खिडकी सोडली, टेबलाशी आल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या मला कधी हात लावत नाहीत, यांना आवडत नाही.

काठाची एक कोर मात्र राहिलीय. तिच्यासाठी तुम्ही लिहिलेलं तेल आणि राख उद्या करते. कागद जाळून राख केलीय, फडक्यातून चाळलीय. बोटाने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, जोर न लावता. आणि शेवटी मेण सगळ्या टेबलाला, नुसतं डागापुरतं नाही. सगळं लक्षात आहे.

एक खोटं लिहिलं होतं, ते सांगून टाकते. पातेलं आईंनी ठेवलं. त्यांचे हात हल्ली थरथरतात. भरलेलं पातेलं पेलवेना, जवळ जे आलं त्यावर टेकवलं. पण वेळ आलीच तर मी माझंच नाव सांगणार आहे.

हाताचं विचारलंत. वाफेने भाजलं. काही विशेष नाही.


शुक्रवार, १५ मार्च

ताई,

हे कालच आले. शनिवारचं सांगून गुरुवारी.

मी तुम्हाला पत्र पाठवून घरी आले, आणि उद्यावर न टाकता तेल-राख करायलाच बसले. कोर गेली. खरं सांगते, गेली होती. तेल पुसून मेणही लावून झालं होतं, आणि मी लोकरीच्या कापडाने ते घासत होते, तेवढ्यात खाली स्कूटर थांबली. आई खिडकीत नव्हत्या, त्या डुलकी काढत होत्या. मी कापड उशीखाली टाकलं.

हे आले, बॅग ठेवली, हात धुतले, खुर्चीत बसले. मी ताट वाढलं. जेवले नाहीत. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत येत होतं. तुम्हाला माहीत असेल हे काय करतात. ताट सरकवलं, गाल लाकडाला टेकेल इतकं वाकले आणि एक डोळा मिटला.

"इथे चमक वेगळी आहे."

"मेण लावलं जरा. टेबल कोरडं पडलं होतं."

"चांगलं केलंस. पण मेण सगळीकडे लावलंस आणि घासलंस इथे जास्त. का?"

मी काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही.

"घाबरतेस कशाला? मी रागावलेलो नाही," हे म्हणाले. "मला फक्त क्रम समजून घ्यायचाय. आधी काय झालं, मग काय झालं."

ताई, तुमच्याशीही असंच बोलायचे का? आवाज न चढवता? शेजारी म्हणतात, काय शांत माणूस आहे. मलाही लग्नाआधी तेच आवडलं होतं.

मी म्हटलं, भांडं मी ठेवलं. ह्यांनी स्वयंपाकघरातली सगळी पातेली आणली आणि टेबलावर कागद पसरून त्यावर पालथी मांडली. डाग नव्हता, पण मी जेवढ्या जागेत घासलं होतं तेवढ्या जागेवर एकेक धरून पाहिलं. बरोबर तेच पातेलं उचललं. त्यात काठोकाठ पाणी भरलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"उचल."

मला नाही उचलता आलं. पट्टीच्या हाताने पकडच बसेना.

"बघ," हे म्हणाले, जणू मला गणित सुटलं असावं. "या हाताने तू ते उचलूच शकत नाहीस. मग घरात दुसरं कोण आहे?"

आई दाराशी उभ्या होत्या. हे त्यांच्याकडे वळले. "आई, हात पुढे कर बघू." त्यांनी केले. दोन्ही हात थरथरत होते, पेशंटने डॉक्टरपुढे करावेत तसे पुढे धरले होते. ह्यांनी ते आपल्या हातात घेतले, थोपटले.

"आज मी दमलोय. रविवारी घरीच आहे. रविवारी पातेलं भरून नीट उकळू आणि कसं झालं ते तिघं मिळून बघू. घाईघाईत नको."

मग जेवले. भाजी पुन्हा मागून घेतली.

ताई, माझा हात वाफेने भाजला नाही. तिपाईवर कपाचा गोल उमटला होता. मी म्हटलं, क्षणभरच ठेवला होता. हे म्हणाले, क्षण म्हणजे किती ते पाहू. माझा हात तिपाईवर उताणा ठेवायला लावला आणि तळव्यावर गरम किटली ठेवली. मनगट धरून ठेवलं होतं. नंतर स्वतःच मलम लावलं, फुंकर घातली, दवाखान्यात नेलं. वाफ लागली असं डॉक्टरांना यांनीच सांगितलं. डॉक्टर मला म्हणाले, नवरा काळजी घेणारा मिळालाय.

आईंचं वय पाहता त्यांना हे सोसणार नाही. मी शिवणाच्या दुकानात बसून लिहितेय. घरी जायला पाय उचलत नाहीत, पण उशीर झाला तर त्याचाही क्रम विचारतील.


शनिवार, १६ मार्च, बसमध्ये

ताई,

बस हलतेय, जमेल तसं लिहिते.

तुमची चिठ्ठी रात्रीच्या आत मिळाली. "दोघी निघा. मी उद्या पहाटे हॉटेलच्या मोठ्या कामावर लांब जातेय, माझ्यासाठी थांबू नका. घराची किल्ली आमच्या पॉलिशच्या कारखान्याच्या मालकीणबाईंकडे. त्यांना सगळं सांगून ठेवते." एवढंच. इतक्या कमी शब्दांत कुणी मला कधी काही दिलेलं नाही.

आई तयार नव्हत्या. काल मी सांगितलं तर म्हणाल्या, "पोटच्या पोराला टाकून मी कुठे जाऊ? तू जा. रविवारचं माझं मी बघते." मी म्हटलं, तुम्ही नाही तर मीही नाही. त्या चिडल्या. "मग बस माझ्या उरावर," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

आज सकाळी त्याने स्वतः चहा केला. आईंपुढे कप ठेवला, बशीसकट. म्हणाला, "आई, उद्याचं दडपण घेऊ नकोस. तू फक्त खरं सांग." त्यांनी कप उचलला, आणि थरथरून चहा टेबलावर सांडला. ताई, त्यांनी कप टाकला आणि अंगावरच्या कपड्यानेच टेबल पुसायला लागल्या. पुसत होत्या आणि त्याच्याकडे बघत होत्या. लहान मूल मार चुकवताना बघतं तसं. तो थोडा हसला. घड्याळ बघितलं आणि कामाला गेला.

मी पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तर आई चपला घालून दारात उभ्या. हातात औषधांची पिशवीसुद्धा नाही.

"चल," म्हणाल्या. "कुलूप तू लाव. माझ्याने लागणार नाही."

जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. "सासूसून सकाळी सकाळी कुठे?" आईच म्हणाल्या, "दात दाखवायला." आणि तोंडाला हात लावून भराभरा उतरल्या. मी त्यांना इतक्या जलद उतरताना कधी पाहिलं नव्हतं.

कंडक्टरने आम्हाला ड्रायव्हरच्या मागची जागा दिलीय. तिकीट कुठवरचं ते त्याने मोठ्याने विचारलं नाही. मागून येणारी प्रत्येक स्कूटर दिसली की मी मान खाली घालते. आई खिडकीला डोकं टेकून बसल्यात. झोपल्यात असं वाटलं, पण ओठ हलताहेत.


गुरुवार, २८ मार्च

ताई,

तुमच्या घरात बसून तुम्हालाच पत्र लिहायचं म्हणजे गंमतच आहे. मालकीणबाई म्हणाल्या, हॉटेलच्या जागी फोन लागत नाही, कारखान्याचा टेम्पो उद्या तिकडे सामान घेऊन जाणार आहे, त्याच्याबरोबर काय ते दे. म्हणून हे.

आम्ही ठीक आहोत. आईंना नवी औषधं मिळाली. माझ्या हाताची पट्टी निघाली, तळव्याची कातडी अजून ताणते. मालकीणबाईंनी मला कारखान्यात बसायला सांगितलं. घासकागदाने खुर्च्यांचे पाय घासायचं काम दिलंय. डाव्या हाताने करते. तिथल्या बायका तुमच्याविषयी बोलतात. तुम्ही आल्यावर पहिले कितीतरी दिवस दाराकडे तोंड करूनच काम करायचात, असं सांगत होत्या. मीही तशीच बसते. त्यांनी न विचारता माझं बाक फिरवून दिलं.

काल तो आला.

कसं शोधलं ते विचारू नका, तो पोटासाठी तेच करतो. मी नुकतीच कारखान्यातून आले होते. दारावर टकटक झाली. बोटाच्या पेराने, हळू. आम्हा दोघींना ती टकटक ओळखू आली. आईंच्या हातातलं भांडं मी वेळेवर धरलं, नाहीतर पडलं असतं.

"आई," तो बाहेरून म्हणाला. "मी आहे. दार उघड. तुझी औषधं राहिली होती, घेऊन आलोय."

मी आईंना घेऊन भिंतीला टेकून खाली बसले.

"आत आहात ते मला माहीत आहे. चपला बाहेर आहेत." मग माझं नाव घेतलं. "तुझ्यावर माझा काही राग नाही. आईला बरं नसतं, तिची हेळसांड नको. बाहेर लोक बघताहेत. बसून बोलू."

आई उठल्या. ताई, मी देवाशपथ सांगते, मला वाटलं त्या दार उघडणार. मुलगा आहे, औषधं घेऊन आलाय, एवढ्या लांबून आलाय. मी त्यांना अडवायला हवं होतं. मी भिंतीला चिकटून बसले होते, आणि आता काय होणार, कुठल्या क्रमाने होणार, ते सगळं डोळ्यांपुढे दिसत होतं.

आई दारापाशी गेल्या. खालची कडी लावलेलीच होती. त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर चढल्या. त्यांचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. भिंतीला हात टेकत टेकत चढल्या आणि वरची कडीही लावली. तिचा खटका मोठ्याने वाजला. बाहेरचं बोलणं थांबलं.

"औषधं उंबऱ्यात ठेव," आई म्हणाल्या. आवाज कापत होता, पण शब्द स्पष्ट होते. "आणि जा."

"आई, तू काय बोलतेस तुला कळतंय का? हिने तुला पढवलंय."

"मला कुणी पढवलेलं नाही. मी तुझ्या बापाच्या घरात गप्प बसले, तुझ्या घरात गप्प बसले. पहिलीच्या वेळी मी आतल्या खोलीत कान झाकून बसले होते. आता मला तुझी भीती वाटते. आईला पोराची भीती वाटते, ऐकलंस? जा तू."

मला वाटलं दार मोडेल. मग पिशवी ठेवल्याचा आवाज आला आणि पावलं. तोवर समोरच्या गॅरेजमधला मेकॅनिक पाना हातात घेऊन रस्त्यात येऊन उभा राहिला होता, असं नंतर कळलं.

आईंना स्टुलावरून उतरवलं तर त्यांना उभं राहवेना. मी जमिनीवरच बसवलं. मला वाटलं घाबरल्यात. त्या रडत होत्या.

"आवाज बसलाय त्याचा," म्हणाल्या. "घरी कुणी नाही ना. जेवत नसेल नीट."

मी जवळ बसले. दार उघडून पिशवी आत घ्यायचं धाडस आज सकाळपर्यंत झालं नाही. मालकीणबाई आल्या, त्यांनी आणली. औषधंच होती. बरोबर तीच, वेळा लिहून चिकटवलेली.

उद्या मालकीणबाई आम्हाला पोलीस चौकीत घेऊन जाणार आहेत. मी हाताचं सांगणार आहे. आईही सांगणार म्हणाल्यात, किटलीच्या वेळी त्या दारामागे होत्या. दुपारी मध्येच विचारलं, "त्याला मारणार नाहीत ना ग?" मी म्हटलं, नाही मारणार. मला माहीत नाही, तरी म्हटलं.

भीती गेलेली नाही, ताई. तो पुन्हा येईल, हे आम्ही दोघीही जाणतो, फक्त बोलत नाही. तुमच्या घराच्या खिडक्या दिवसाही बंद ठेवतो, माफ करा. घर कोंदट झालंय.

तुमचं काम संपलं की या. घाई करा असं म्हणणार नाही, पण या. मात्र दार वाजवू नका. रस्त्यावरूनच मोठ्याने हाक मारा, आईंना हाक मारा. त्यांनी तुमचा आवाज इतक्या वर्षांत ऐकलेला नाही, पण म्हणतात, ओळखीन. कड्या त्याच काढणार आहेत. स्टूल दाराजवळच ठेवलंय.